तीन मैलांपलीकडचा डाव

पंचवीस सेंट काढा आणि धक्क्याला लागलेल्या वॉटर टॅक्सीत चढा. गाव सांता मोनिका, कॅलिफोर्निया. तारीख 1 ऑगस्ट 1939. शेजारच्या बाईंनी पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली आहे. इथे लपवाछपवी नाही, 'रेक्स' या जुगारी जहाजाच्या जाहिराती लॉस एंजेलिसच्या वर्तमानपत्रांत राजरोस छापून येतात. जहाज किनाऱ्यापासून तीन मैलांच्या जरासं पलीकडे नांगरलंय, म्हणून राज्याचा जुगारबंदी कायदा आपल्याला लागू नाही, असं मालक टोनी कॉर्नेरो ठणकावून सांगतो.

वर चढा. एकेकाळच्या या शिडाच्या जहाजाच्या पोटात आता रूलेट आणि फाशांची टेबलं आहेत. स्लॉट मशीनचा दांडा ओढलात की तीन चाकं गरगरतात, एकेक करून थांबतात आणि तुमचं नाणं गडप होतं. बाईंची पर्स आता उघडीच आहे.

बाहेर आरडाओरडा. मत्स्य आणि वन्यजीव खात्याच्या बोटींतून पोलीस आलेत. किनाऱ्यावरून सूत्रं हलवतोय राज्याचा ॲटर्नी जनरल अर्ल वॉरन, पुढे अमेरिकेचा सरन्यायाधीश होणारा. बाकीची तीन जुगारी जहाजं हाती लागतात. 'रेक्स'वरून मात्र आगीच्या बंबांचे फवारे सुटतात. तुम्हाला, इतर गिऱ्हाइकांना परत नेलं जातं. कॉर्नेरो आठवडाभराहून अधिक काळ जहाज सोडत नाही.

मला वॉरनचं पटतं. टेबलं समुद्रात असली तरी पगार किनाऱ्यावरचे बुडत होते, गिऱ्हाईकही किनाऱ्यावरूनच जात होतं.

पण तीन मैल मोजायचे कुठून? खरी लढाई ही. 1849 च्या राज्यघटनेनं कॅलिफोर्नियाची हद्द समुद्रात तीन इंग्रजी मैल नेली आणि किनाऱ्यालगतचे उपसागरही राज्यात धरले. सांता मोनिकाचा किनारा आत वळलेला आहे. तो उपसागर ठरला, तर पॉइंट ड्यूम ते पॉइंट व्हिसेंटे या दोन भूशिरांना जोडणारी रेघ हाच किनारा, आणि तीन मैल तिच्याबाहेर सुरू. भूशिरांत अंतर सुमारे 25 सागरी मैल; एवढ्या उघड्या पाण्याला उपसागर मानायला अपील न्यायालय तयार नव्हतं. नोव्हेंबरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात येऊन बसा. निकाल फिरतो: हा उपसागरच. नांगर जागचा न हलता 'रेक्स' कॅलिफोर्नियात येतं.

मांडवीतली कॅसिनो जहाजं पाहिलेल्यांना हा वाद परका वाटू नये. ती चालतात 'ऑफशोअर' म्हणून, उभी असतात पणजीसमोर नदीत. हद्दीची रेघ कुणासाठी वाकवली जाते, हे आपणही विचारलं पाहिजे.

1946 मध्ये कॉर्नेरो 'लक्स' घेऊन लाँग बीचसमोर परततो. हे जहाजही जप्त होतं. 1948 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या सहीनं केंद्राचा कायदा होतो आणि तीन मैलांचा आडोसाच जातो: जहाज अमेरिकी नोंदणीचं किंवा अमेरिकी रहिवाशाच्या ताब्यातलं असेल, तर भर समुद्रातही त्यावर जुगाराचा अड्डा चालवणं गुन्हा.