भाड्याचा पत्ता

परवा मावसभावाने विचारलं, "आमच्या कॉम्प्युटरचा आयपी पत्ता काल वेगळा होता, आज वेगळाच दिसतोय. कुणी हॅक-बिक केलं नाही ना?" नाही रे बाबा, तो बदलणारच. पण का बदलतो याची गोष्ट जुनी आहे, म्हणून मंडळी, इथेच लिहितोय.

1981 साली आयपीचा आराखडा पक्का झाला, तेव्हा पत्त्याला 32 बिट दिले. म्हणजे सुमारे 429 कोटी आकडे. तेव्हा नेटवर्कवर होती विद्यापीठांची आणि लष्करी संस्थांची मोजकी यंत्रं. आकड्यांचा हिशेब कॅलिफोर्नियात जॉन पोस्टेल ठेवायचे आणि वाटप अगदी इनामं द्यावीत तसं सढळ हाताने व्हायचं. एकट्या एमआयटीकडे जवळजवळ 1 कोटी 68 लाख पत्ते! यंत्राला आकडा मिळाला की तो त्याचाच. हाच स्टॅटिक पत्ता.

घरगुती गिऱ्हाईक आलं आणि हे गणित कोलमडलं. आपल्याकडे 15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमने इंटरनेट सामान्यांना खुलं केलं. आठवतोय ना मोडेमचा तो खरखराट? डायलअपवर सगळे ग्राहक एकाच वेळी थोडेच येणार! मग प्रत्येकाला कायमचा आकडा कशाला? जोडणी झाली की हाताशी असेल तो द्यायचा, फोन ठेवला की परत घ्यायचा. एसटीतल्या सीटसारखं, तुम्ही उतरलात की दुसरा बसणार. 1993 साली डीएचसीपी आलं, त्यात तर पत्ता ठरावीक मुदतीच्या भाड्यानेच मिळतो. ब्रॉडबँडवर आपलं हेच चालतं. घरचा कॅमेरा बाहेरून बघायचा किंवा घरीच सर्व्हर चालवायचा नसेल, तर जादा पैसे मोजून स्टॅटिक पत्ता घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

फक्त एक भानगड आहे. भाड्याचा पत्ता म्हणजे माणूस नव्हे. तो कुणाकडे होता हे वेळेशिवाय सांगताच येत नाही, आणि ती नोंद असते कंपनीच्या दप्तरात. 2007 साली ऑर्कुटवर शिवाजी महाराजांबद्दल आक्षेपार्ह मजकूर आला. पुणे पोलिसांनी आयपी पत्त्यावरून माग काढला आणि इंटरनेट कंपनीने भलत्याच ग्राहकाचं नाव दिलं. बंगळूरचा एक निरपराध संगणक अभियंता 50 दिवस येरवड्याच्या तुरुंगात होता. 50 दिवस!

पुढे 3 फेब्रुवारी 2011 ला जागतिक कोठारातले शेवटचे मोकळे पत्तेही वाटून संपले. आयपीव्ही6 चे लांबलचक पत्ते आले खरे, पण जुने काही सुटलेले नाहीत. उलट आता अनेक कंपन्या एकाच पत्त्यामागे कितीतरी घरं बसवतात. म्हणजे आज माग काढायचा तर पत्ता आणि वेळ एवढ्यावर भागत नाही, पोर्ट क्रमांकही लागतो. तो विचारलाच नाही, तर उत्तरात एक नाव नाही, अख्खी चाळ येते.