मस्टरवर लिहिलं होतं : अकुशल

आज जरा जुनं बोलू या. तुमच्यातल्या ज्यांनी साठी ओलांडली आहे, त्यांना बहात्तरचा दुष्काळ सांगायला नको. त्या वेळी मी दोन-अडीच वर्षांची होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि मला बाभळीला झोळी बांधून त्यात ठेवायची. असं ती सांगायची, मला कुठलं आठवतंय! पण तिच्या उजव्या हाताचं पहिलं बोट वाकडं झालेलं मी पुढे आयुष्यभर बघितलं. हातोडा दगडाऐवजी बोटावर बसला होता.

आईला अक्षरओळख नव्हती. पण खडीचा ढीग बघून तो किती ब्रास भरेल, हे ती बसल्या जागेवरून सांगायची. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. मुकादमानं माप कमी धरलं की ती पुन्हा मोजायला लावायची, आणि बहुतेक वेळा तिचंच खरं निघायचं. तरी सरकारी भाषेत तिचं काम एकाच शब्दाचं होतं : अकुशल. त्या शब्दाचा इतिहास आज सांगायचा आहे. अडलेल्या बाईला सरकारनं काम दिलं, पोटाला दिलं. हातात कसब मात्र कधी दिलं, कधी नाही दिलं आणि दिलं तेव्हा कुठं बिनसलं, ते बघू.

ही दुष्काळी कामांची रीत इंग्रजांच्या वेळची. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळात त्यांनी ठिकठिकाणी रस्ते, तलाव, खडी अशी कामं काढली. पुढे १८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि त्यावरून दुष्काळाचे नियम बांधले गेले. त्यामागचा विचार असा, की धडधाकट माणसाला फुकट द्यायचं नाही. काम कष्टाचं आणि मजुरी जेमतेम ठेवायची, म्हणजे खरा भुकेला असेल तोच येईल. थोडक्यात, काम ही भुकेची परीक्षा होती, आणि बाईची मजुरी पुरुषापेक्षा कमी. १८७७ मध्ये मजुरी आणखी छाटली, तेव्हा मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी कामं सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू मांडली. आपले लोक मुकाट्यानं सोसत होते, असं कुणी म्हणालं तर हे सांगा.

या परीक्षेत कारागिराचं फार वाईट व्हायचं. सोलापूरचे विणकर घ्या. घरातला पुरुष मागावर आणि बाई कांड्या भरायला, असं सगळं घरच त्या धंद्यात. दुष्काळात लुगडं कोण घेणार? माग बंद पडले. आता या माणसांना खडीवर पाठवायचं की त्यांच्याच धंद्यात काम द्यायचं? खडी फोडून बोटं राठ झाली की बारीक सूत हाताला लागत नाही. पोट भरलं, पण धंदा गेला. १८९६-९७ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी सोलापुरात जाऊन विणकरांना मागावरच काम मिळावं म्हणून खटपट केली, पण सरकारनं ती योजना मान्य केली नाही.

त्याच दुष्काळात पुणे जिल्ह्यात केडगावला वेगळंच काहीतरी उभं राहत होतं. पंडिता रमाबाई मध्य प्रांताकडे गेल्या, तिथल्या छावण्यांची दशा त्यांनी बघितली आणि शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. त्यांच्या धर्मांतरावरून तेव्हाही वाद झाला, नंतरही होत राहिला. तो आजचा विषय नाही. मला सांगायचं आहे ते त्यांनी या बायांच्या हाताला काय दिलं ते. मुक्ती सदनात बाया विणायला शिकल्या, शिवायला शिकल्या. घाण्याचं तेल, दुधदुभतं, शेती ही कामं शिकल्या. आणि छापखाना! खिळे जुळवणं, छापणं, बांधणी, सगळं बाया करायच्या. ज्या मुलीला कालपर्यंत अक्षर माहीत नव्हतं, ती शिशाची उलटी अक्षरं ओळीत लावत होती. रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत राहिल्या होत्या आणि मुलींना हातकाम शिकवणाऱ्या शाळा त्यांनी तिथं बघितल्या होत्या. १९०० च्या सुमाराला केडगावात दोन हजारांच्या आसपास मुली-बाया होत्या.

हे सरकारचं काम नव्हतं, देणग्यांवर चाललेलं होतं. पण तिथं दोन प्रश्न आधी सुटलेले होते, ते ध्यानात ठेवा. शिकणाऱ्या बाईला दोन वेळचं जेवण मिळत होतं, म्हणजे शिकतेय तोवर चुलीचं काय, ही काळजी नव्हती. आणि तिनं विणलेलं, शिवलेलं, गाळलेलं तेल तिथंच वापरलं जात होतं, म्हणजे माल कुणाला विकू, हीही नव्हती. पुढच्या सरकारी योजना नेमक्या या दोन ठिकाणी अडखळल्या.

आता परत बहात्तरला येऊ. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. खडी, रस्ते, पाझर तलाव, नाला बंडिंग आणि खायला सुखडी. पुष्कळ जीव वाचले, ही लहान गोष्ट नव्हे. त्यातूनच रोजगार हमी मोठी झाली. मूळ कल्पना वि. स. पागे यांची, सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात १९६५ साली तिचा पहिला प्रयोग झाला होता. १९७७ ला कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागणं हा हक्क झाला. सारख्या कामाला बाईपुरुषाला सारखा दर ठरला, कामावर पाळणाघर आणि प्यायचं पाणी ही जबाबदारी ठरली. पाळणाघर किती ठिकाणी दिसलं ते तुम्हीच सांगा. तरीही माझ्या मते आपल्या राज्यानं देशाला दिलेल्या चांगल्या गोष्टींत ही वरच्या रांगेत बसते.

पण कायद्यात शब्द होता अकुशल अंगमेहनतीचं काम. पैशाचा मोठा वाटा अकुशल मजुरीवरच जायला हवा, असं बंधन होतं. त्याला कारणही होतं : नाहीतर पैसा ठेकेदार आणि यंत्रं खाऊन गेली असती. त्याची दुसरी बाजू अशी, की वीस वर्षं पाटी वाहिलेली बाई विसाव्या वर्षीही पाटीच वाहत राहिली. नाला बांध कुठून कसा धरावा हे तिला कळत होतं, पण ते कुणी विचारलं नाही आणि पुढचं शिकवलंही नाही.

शिकवण्याचं खातं वेगळं निघालं. १५ ऑगस्ट १९७९ ला केंद्र सरकारची ट्रायसेम योजना सुरू झाली, म्हणजे गावातल्या गरीब तरुणांना धंदेशिक्षण. बायांसाठी जागा राखून ठेवल्या, शिकताना थोडं विद्यावेतन दिलं. १९८२ मध्ये डवाकरा आली : पंधरा-वीस बायांचा गट आणि गटाला फिरता निधी. आपल्या बचत गटांची ती थोरली बहीणच म्हणा.

आमच्या गावात ट्रायसेमखाली सहा जणी शिवण शिकल्या. सहाही जणींना शिवणच. दुसरं काही शिकायचं का, हे कुणी विचारलंच नाही. गाव दीडशे उंबऱ्यांचं. लग्नसराईत ब्लाउज शिवून घेणार त्या घेणार, एरवी कोण? दोघींची मशीनं वर्षाच्या आत विकली गेली, एकीचं माळ्यावर पडलं. चौथीच्या मशीनचा कागद एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरत राहिला, मशीन आलंच नाही. आणि सुगीत विद्यावेतनापेक्षा मजुरी जास्त मिळायची, म्हणून एकजण वर्ग मधेच सोडून खुरपायला गेली. तिला नावं ठेवणाऱ्यांचा मला अजून राग येतो. घरात तीन लेकरं होती तिच्या.

देशभरात असंच होत राहिल्यावर या सगळ्या योजना १ एप्रिल १९९९ पासून एकाच स्वर्णजयंती योजनेत घातल्या. पुढे २०११ नंतर तिच्या जागी जीवनोन्नती अभियान आलं, म्हणजे आपली उमेद. तो काळ तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मधला एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा, कारण तिथं बायांच्या हातात सुई नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादकडं आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. दूरच्या ज्या गावांत घरं पडली नव्हती पण खिळखिळी झाली होती, तिथं दुरुस्तीसाठी सरकारची मदत आली. ती घरोघर नीट वापरली जावी म्हणून गावातल्याच बाया संवाद सहायक म्हणून पुढं आल्या. जाड दगडी भिंतीचे दोन्ही पदर एकमेकांत कसे गुंतवायचे, पट्टा कुठं घालायचा, हे त्या शिकल्या आणि घरमालकांना सांगू लागल्या. काही जणी तर थापी हातात घेऊन गवंडीकाम करू लागल्या. इथं दोन्ही प्रश्नांची उत्तरं समोर होती. काम गावातच होतं आणि गिऱ्हाईक म्हणजे आपलंच घर.

रोजगार हमी आणि शिक्षण यांची गाठ थेट बांधायचा सरकारचा एक प्रयत्न फार उशिरा, २०१९-२० मध्ये, उन्नती नावाच्या प्रकल्पातून झाला. ज्या घरानं मनरेगावर १०० दिवस भरले, त्या घरातल्या १८ ते ४५ वयाच्या माणसाला धंदेशिक्षण, आणि शिकतानाच्या दिवसांचं विद्यावेतन, ठरावीक शिक्षणाला तर मजुरीच्या दरानं. माझ्या आईच्या खडीपासून मोजलं तर सत्तेचाळीस वर्षं झाली होती.

माझी भाची असंच एक नाव नोंदवायला गेली होती. कामावर ती गवंड्याच्या हाताखाली माल कालवायची, त्यामुळं ओळंबा, पाणसळ बघून-बघून शिकलेली. टेबलामागच्या माणसानं तिच्याकडं न बघताच विचारलं, "शिवण लिहू ना?"

ती म्हणाली, "नाही दादा. गवंडी लिहा."

त्यानं पेन थांबवून पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं, आणि तो लिहीपर्यंत तिथंच उभी राहिली.