एक क्लिप आणि धडधाकट माणूस

किडनी देणारा माणूस आजारी नसतो. तो आपल्या पायांनी चालत हॉस्पिटलात येतो, आणि ऑपरेशनचा त्याच्या शरीराला फायदा शून्य! २३ डिसेंबर १९५४ ला बॉस्टनमध्ये रोनाल्ड हेरिकने जुळ्या भावाला किडनी दिली. ती बसवणाऱ्या जोसेफ मरेंना १९९० मध्ये नोबेल मिळालं. रोनाल्डची किडनी काढणारे हार्टवेल हॅरिसन कुणाच्या लक्षातही नाहीत. मला विचाराल तर जास्त धास्तीचं काम त्यांचंच होतं.

पुढची चाळीस वर्षं दात्याच्या कुशीत लांब चीर घ्यावी लागायची. १९९५ मध्ये बाल्टिमोरला रॅटनर आणि कव्हूसी यांनी दुर्बिणीतून किडनी काढली. वेदना कमी, घरी लवकर. साहजिकच ही पद्धत झपाट्याने पसरली.

पण एक गोची होती. किडनीची धमनी थेट महाधमनीतून निघते. ती उघडी पडली तर हातात मिनिटंच असतात. उघड्या ऑपरेशनमध्ये सर्जन ती हाताने बांधतो, भिंतीतून टाका घालतो. दुर्बिणीतून तसं करणं अवघड, म्हणून स्टेपलर नाहीतर लॉक होणारी प्लॅस्टिकची क्लिप. स्टेपलरच्या पिना भिंतीतून आरपार जातात. क्लिप नुसती चिमटा काढते. ती सटकू नये म्हणून तिच्यापुढे धमनीचं थोडं टोक शिल्लक ठेवावं लागतं. कॅन्सरची किडनी काढताना ते हवं तेवढं ठेवा, कोण विचारतंय! इथे मात्र दात्याकडे ठेवलेला प्रत्येक मिलिमीटर घेणाऱ्याच्या जोडणीतून कमी होतो. स्टेपलरही थोडी लांबी खातो, शिवाय महाग. म्हणून क्लिपचा मोह.

आणि क्लिपा सटकल्या. काही तर ऑपरेशन संपल्यावर, पेशंट वॉर्डात असताना. दाते दगावले.

२००६ मध्ये अमेरिकन प्रत्यारोपण सर्जनांच्या पाहणीतून हे छापून आलं. त्याच वर्षी हेम-ओ-लॉक क्लिपच्या सूचनापत्रकात लिहिलं गेलं, की दात्याच्या किडनीच्या धमनीवर ही वापरू नये. आमच्या धंद्यात अशा वेळी 'युजरने मॅन्युअल वाचलं नाही' म्हणून तिकीट बंद करतात. मीही केलंय. पण तीच क्लिप बाकीच्या ऑपरेशनांना चालत होती, त्याच थिएटरात हाताशी होती, आणि बहुतेक वेळा नीट बसतही होती. मग ती उचलणाऱ्याचा हात कागद कसा थांबवणार?

२०११ मध्ये अमेरिकेच्या एफडीएला तोच इशारा पुन्हा काढावा लागला.