रणजी करंडक आणि विभागांची वांटणी

बुलढाणा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मध्य प्रदेशांतून मुंबई राज्यांत आला आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्राचा भाग झाला. राज्याचा नकाशा असा दोनदां पालटला. क्रिकेटचा नकाशा मात्र त्याच्यामागून गेला नाहीं. बुलढाण्याच्या मैदानावरील होतकरू मुलाची वाट नागपूरच्या विदर्भ संघाकडेच जात राहिली. १९५७-५८ सालीं रणजी करंडकाच्या स्पर्धेंत उतरलेल्या या संघाची गांठ मुंबई-पुण्याशीं नव्हे, तर मध्य विभागांतील राजस्थान, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेश यांच्याशीं पडूं लागली. संघाचें यश त्याच्या गुणांवर किती आणि त्याला कोणाच्या पंक्तीस बसविलें यावर किती, हा प्रश्न या स्पर्धेइतकाच जुना आहे.

ही स्पर्धा १९३४-३५ सालीं सुरू झाली. शेजाऱ्यांनीं आधीं आपसांत खेळावें, म्हणजे या खंडप्राय देशांत प्रवास आणि खर्च आटोक्यांत राहतो. विभागांचा हा उघड फायदा होता. १९५७-५८ पासून प्रत्येक विभागांत साखळी सामने होऊं लागले, आणि पांच विभागांचे पांच विजेते तेवढे पुढील बाद फेरींत जात. दुसऱ्या क्रमांकाला कांहीं मोल नव्हतें.

याची झळ पश्चिम विभागाला विशेष लागली. मुंबईनें १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वेळां करंडक जिंकला. अर्थात् १९६९-७० पर्यंतच्या बारा हंगामांत महाराष्ट्र, बडोदें, गुजराथ आणि सौराष्ट्र यांपैकीं एकालाही बाद फेरीचें दार उघडलें नाहीं. ज्या महाराष्ट्रानें प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखालीं १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ करंडक मिळविला होता, त्याची ही स्थिति! मध्य विभागांत राजस्थान बलाढ्य होता. १९६०-६१ पासूनच्या दहा हंगामांत तो सात वेळां अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि सातही वेळां मुंबईकडून हरला. त्या सात वर्षीं विदर्भाची वाट विभागांतच संपली, हें सांगावयास नको.

१९७०-७१ सालीं नियम बदलला व प्रत्येक विभागांतून दोन संघ घेण्याचें ठरलें. त्याच वर्षीं अंतिम सामन्यांत मुंबईपुढें महाराष्ट्र उभा राहिला. जुन्या नियमानें असा सामना होऊंच शकला नसता. मुंबईचे नामांकित खेळाडू वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होते. तरीही सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखालीं तिनें ४८ धावांनीं विजय मिळविला.

पुढें २००२-०३ सालीं विभागांवर आधारलेली वांटणीच मोडली. २०१७-१८ सालीं अठ्ठावीस संघांचे चार गट होते व प्रत्येक गटांतून दोन संघ पुढें जावयाचे होते. फैझ फझल यांच्या विदर्भानें उपान्त्य सामन्यांत कर्नाटकावर अवघ्या पांच धावांनीं मात केली आणि इंदूर येथें दिल्लीला नऊ गडी राखून हरवून आपला पहिला करंडक जिंकला. त्यानंतर २०१८-१९ आणि २०२४-२५ सालींही तो विदर्भाकडेच आला.

तथापि सारें श्रेय वा सारा दोष वांटणीला देणें न्यायाचें होणार नाहीं. १९७० नंतर दार रुंद झालें, तरी विदर्भाला करंडकासाठीं आणखी सत्तेचाळीस वर्षें थांबावें लागलें. वांटणीनें दार उघडतें. उंबरठा ओलांडावयाचा तो स्वतःच्या पायांनीं. परंतु दारच बंद असेल, तर पायांत बळ आहे कीं नाहीं हें जगाला कळावें तरी कसें?