आरमाराची रात्र

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांत पूर्वजांच्या ज्या कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात, त्या बहुतेक घोड्याच्या पाठीवरच्या असतात. समुद्र त्यांत क्वचितच येतो. आमचे घराणे बेळगावचे, म्हणजे तेही घाटमाथ्यावरचेच. परंतु शासकीय सेवेतील काही वर्षे कारवारला गेली आणि तेव्हापासून मराठ्यांच्या आरमाराविषयी जे हाती पडेल ते वाचण्याची सवय आम्हांस लागली. या वाचनात एक उणीव सतत जाणवते. लढायांची वर्णने मिळतात, गुराबांची व गलबतांची संख्या मिळते, तहनाम्यांची कलमे मिळतात. रात्र मात्र मिळत नाही. किनारा धरून फिरणारे हे आरमार सूर्य मावळल्यावर बहुधा कोठेतरी नांगर टाकून उभे राही, आणि वारा सुटलेल्या रात्री तसे सुखरूप उभे राहणे ही लढाईइतकीच अवघड विद्या होती.

इ. स. १६६५च्या फेब्रुवारीत शिवछत्रपती मालवणहून समुद्रमार्गे बसरूरवर गेले. कारवारच्या इंग्रज वखारवाल्यांनी त्या आरमारात ८५ लहान व ३ मोठी जहाजे असल्याचे नोंदविले आहे. मोहिमेचे राजकारण आपण शाळेत शिकलो. पण एवढ्या नावा अंधारात एकमेकींवर न आदळता, खडकावर न जाता उभ्या करणारे तांडेल कोण होते, हे कोणी लिहून ठेवले नाही. भंडारी, कोळी, गाबीत, दालदी अशा दर्यावर्दी समाजांची ही माणसे. त्यांची विद्या हातातून हातात गेली. दफ्तरात उतरली नाही.

या विद्येचे मूळ समजण्यास आपली भाषाच साह्य करते. शेतातल्या आणि जहाजावरच्या अशा दोन्ही साधनांना मराठीत नांगर हा एकच शब्द आहे. दोहोंची नखी जमिनीत शिरते. फरक इतकाच, की एकाने माती उलटीत पुढे जावे आणि दुसऱ्याने ती धरून बसावे. समुद्रातला नांगर शेतातल्यासारखा चालू लागला, की जहाजावर संकट आलेच म्हणावे. नांगर केवळ आपल्या वजनाने जहाज धरतो, ही आपणा घाटमाथ्यावरच्यांची समजूत खरी नव्हे. दोराची ओढ तळाशी आडवी लागली तर नखी खोल रुतते. ती उभी लागली तर नखी उपटून निघते. म्हणून पाणी जितके खोल असेल त्याच्या पाचपट, वारा जोराचा असल्यास सातपट किंवा त्याहून अधिक दोर सोडावा लागतो. पूर्वीचे दोर काथ्याचे असत. काथ्या पाण्यावर तरंगतो, त्यामुळे लोखंडी साखळीप्रमाणे तो आपल्या भाराने ओढ खाली ठेवीत नाही, आणि दोर अधिकच लांब सोडणे भाग पडते. मात्र काथ्या ताणला जातो, आणि वाऱ्याचा झोत येताच बसणारा हिसका त्या ताणात जिरून जातो.

खोली मोजावयाची ती वावांत. एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट. ती भरतीची धरावी लागते. दक्षिण कोकणात उधाणाच्या भरतीला पाणी दोन-अडीच मीटर चढते. ओहोटीला तीन वाव पाणी पाहून त्या हिशेबाने दोर सोडणारा मनुष्य मध्यरात्री चार वावांहून अधिक पाण्यात सापडतो, आणि सायंकाळी पुरेसा असलेला दोर तेव्हा अपुरा ठरतो. तळही पाहावा लागे. दोरीला शिशाचा गोळा बांधून त्याच्या बुडाला चरबी लावीत. वर ओढल्यावर चिखल चिकटला आहे की वाळू, की काहीच नाही, यावरून खालची जमीन कळे. काहीच चिकटले नाही म्हणजे खाली बहुधा खडक. खडकात नांगर एक तर धरत नाही, नाहीतर असा अडकतो की सकाळी निघत नाही.

आणि वारा तरी एका दिशेचा कोठे असतो? शालेय भूगोलातले खारे वारे व मतलई वारे आपणांस पाठ आहेत. त्यांचा प्रत्यय मात्र किनाऱ्यावरच येतो. मोसमाच्या दिवसांत दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो व गलबताला किनाऱ्याकडे रेटतो. उत्तररात्री जमिनीवरून मतलई वारा येतो. सायंकाळी पूर्वेकडच्या ओढीने रुतलेल्या नांगराला पहाटे उलट दिशेची ओढ बसते, आणि जहाज आपल्या दोराच्या लांबीचे वर्तुळ काढून पलीकडे जाते. त्या वर्तुळात खडक, उथळ जागा वा दुसरे जहाज नसावे, हे उजेड असतानाच पाहून ठेवावे लागते. म्हणून जाणता तांडेल किनाऱ्यावरची दोन ठळक स्थाने एका रेषेत धरून ठेवी. रेषा मोडली की नांगर सरकला. अंधारात तेही दिसेनासे झाले, तर नाळेवर बसून दोरावर हात ठेवणे एवढाच उपाय. नांगर तळावरून घसरू लागला की दोर थरथरतो. कारवारला बैतकोल बंदरात एका वृद्ध तांडेलाने आम्हांस हे दोर हातात देऊन दाखविले होते. त्यांच्या मते झोप येऊ न देणे हीच विद्येची पहिली पायरी.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. दर्या खवळण्याच्या आठ-पंधरा दिवस आधीच आरमार छावणीस न्यावे, छावणीचे बंदर दरवर्षी बदलावे, अशा सूचना त्यात आहेत. अमात्य स्वतः दर्यावर्दी नव्हते. पण त्यांनी जाणत्यांचे ऐकून लिहिले असावे, असे आम्हांस वाटते.

ज्या रात्री केवळ वाराच नव्हे तर शत्रूही येतो, त्या रात्री कसे उभे राहावे, हा प्रश्न विजयदुर्गाने विचारला. वाघोटन खाडीचे मुख आतून निवाऱ्याचे आहे आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार तेथे किल्ल्याच्या आसऱ्याने उभे होते. गुराबा क्वचितच ३०० टनांवर जात आणि गलबते सहसा ७० टनांच्या आत असत, असे ऑर्म या समकालीन इंग्रज इतिहासकाराने लिहिले आहे. १२ फेब्रुवारी १७५६ रोजी दुपारनंतर, खाऱ्या वाऱ्याचा लाभ घेऊन, ॲडमिरल वॉटसनची जहाजे आत शिरली. सायंकाळच्या सुमारास एक तोफगोळा ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर पडला. हे जहाज आंग्र्यांनी इंग्रजांकडूनच जिंकलेले होते. ते पेटले, आणि जहाजे एकमेकांना जखडलेली असल्याने आग एकाकडून दुसऱ्याकडे गेली. पाहता पाहता सारे आरमार भस्म झाले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. जमिनीवरून पेशव्यांची फौज इंग्रजांच्या साह्यास आली होती, याची खंत इतिहासकारांनी पुष्कळ व्यक्त केली आहे आणि ती योग्यच आहे.

परंतु जहाजे जखडलेली का होती, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. भित्रेपणा वा अडाणीपणा म्हणून तो निकालात काढला जातो. आमचे मत वेगळे आहे. अरुंद खाडीत प्रत्येक जहाजाला स्वतःचे वर्तुळ मिळणे शक्य नाही. भरती-ओहोटीचा प्रवाह आणि फिरता वारा यांत सुटी जहाजे एकमेकांवर आदळणार. अशा जागी त्यांना कुशीला कुशी लावून बांधणे हा दर्यावर्द्यांचा सर्वत्र चालत आलेला रिवाज आहे. वाऱ्यापुरता तो निर्णय बरोबर होता. आगीपुढे तो घातक ठरला. नांगराचे दोर तोडून काही गलबते खाडीत वर नेली असती तर ती वाचली असती काय, हे आज सांगता येणार नाही. तुळाजी स्वतः त्या वेळी पेशव्यांच्या छावणीत होता; दोर तोडण्याची आज्ञा देण्याचा अधिकार किल्ल्यात राहिलेल्यांपैकी कोणाला वाटला असेल, याचीही शंका येते.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना विजयदुर्ग व सिंधुदुर्ग परिसरात दगडी नांगर आढळले आहेत. त्यांतला एक प्रकार लांबट चौकोनी खांबासारखा असतो: वर दोरासाठी गोल भोक, खाली एकमेकांना काटकोनात असलेली दोन चौकोनी भोके. त्या भोकांत लाकडी दांडे बसवीत; तेच तळात रुतणारे हात. असे नांगर द्वारकेच्या परिसरातही मिळाले आहेत. म्हणजे आंग्र्यांच्या पुष्कळ आधीपासून या किनाऱ्यावर कोणीतरी सायंकाळी तळ पाहून दगड सोडीत होते. लाकडी दांडे केव्हाच कुजून गेले, दोर तर पहिल्या काही वर्षांतच. तांडेलाने घडवून घेतलेला दगड तेवढा जागच्या जागी आहे.