ऐकून घेणारी माणसे

१९३५ साली इंग्लंडातील लिंकन या गावी चॅड व्हारा नावाच्या एका तरुण धर्मोपदेशकाच्या वाट्याला जो पहिलाच अंत्यविधी आला, तो चौदा वर्षांच्या एका मुलीचा होता. ऋतुप्राप्ती म्हणजे काय हे तिला कोणीच सांगितलेले नव्हते; आपणांस काही लज्जास्पद रोग जडला आहे अशा भ्रमाने, आणि त्या भ्रमाची वाच्यता करावी असे घरीदारी एकही माणूस न सापडल्याने, तिने आपले जीवित संपविले होते. त्या काळच्या इंग्रजी कायद्याच्या दृष्टीने हा फौजदारी गुन्हा होता. अशा मृतांना चौरस्त्यात पुरण्याची चाल १८२३ साली आणि त्यांची मालमत्ता सरकारजमा करण्याचा नियम १८७० साली रद्द झाला असला, तरी आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या मनुष्याला कोर्टात उभे करण्याची मुभा १९६१ पर्यंत कायमच राहिली. मृत्यूच्या दारातून परत आलेल्याच्या उशाशी जेथे पोलीस जबाब घेण्यास बसतो, तेथे मनातली गोष्ट मनातच राहावी यात नवल कसले!

त्या मुलीची आठवण व्हारा यांनी अठरा वर्षे जपली. १९५३ साली लंडनच्या जुन्या पेठेतील सेंट स्टीफन वॉलब्रूक या चर्चचा कारभार त्यांच्याकडे आला. क्रिस्टोफर रेनसारख्या थोर स्थपतीने उभारलेली ती वास्तू महायुद्धातील बॉम्बवर्षावाने विदीर्ण झालेली होती. त्याच सुमारास लंडनमध्ये दिवसाला सरासरी तीन आत्महत्या होतात असे त्यांच्या वाचनात आले होते. घराला आग लागली तर कोणता क्रमांक फिरवावा हे प्रत्येकास ठाऊक असते. मग जीव नकोसा झालेल्याने कोणाला हाक मारावी, हा त्यांना पडलेला प्रश्न होता. त्यांनी मॅन्शन हाउस ९००० हा सहज लक्षात राहणारा दूरध्वनी क्रमांक जाहीर केला, आणि २ नोव्हेंबर १९५३ रोजी त्यावर पहिली हाक आली.

पुढे जे घडले ते त्यांच्या योजनेत नव्हते, आणि माझ्या मते या इतिहासाचा गाभा तेथेच आहे. वृत्तपत्रांतून बातमी पसरताच चर्चमध्ये दुःखितांची रीघ लागली. व्हारा आत एकाशी बोलत असत, तेव्हा बाहेर ताटकळणाऱ्यांना चहा देण्यासाठी आणि त्यांच्याजवळ बसण्यासाठी काही सामान्य स्त्रीपुरुष आपण होऊन येत. त्यांच्यापाशी ना पदवी होती, ना शास्त्राचा अभ्यास. परंतु थोड्याच दिवसांत असे दिसून आले की, चहाचा कप हातात घेऊन तासभर मन मोकळे केल्यावर अनेकांना आत जाण्याची गरजच उरत नाही. हे ध्यानी येताच, आपल्या विद्वत्तेचा किंचितही अभिमान न धरता, फेब्रुवारी १९५४ मध्ये व्हारा यांनी ते सारे काम या स्वयंसेवकांच्या हाती सोपविले. ‘समॅरिटन्स’ या नावाने विख्यात झालेल्या या संस्थेची शिस्त साधी होती : धर्मोपदेश करावयाचा नाही, न्यायनिवाडा करावयाचा नाही, ऐकलेले बाहेर जाऊ द्यावयाचे नाही, आणि शंका येताच, जीव देण्याचा विचार मनात येतो काय, हे सरळ व मायेने विचारावयाचे.

असे विचारल्याने नसता विचार डोक्यात भरेल, ही भीती फार जुनी आणि तितकीच निराधार आहे. आपल्याकडे तर ‘गर्जेल तो पडेल काय’ या म्हणीने कित्येक आर्त उद्गार उडवून लावलेले आहेत. ‘मी गेले म्हणजे तुम्ही सगळे सुटाल’ असे घरातली म्हातारी किंवा नुकती सासरी आलेली मुलगी म्हणते, आणि आपण ‘असं अभद्र बोलू नये’ एवढ्यावर तिची बोळवण करतो. लॉस एंजेलिस येथे एडविन श्नाइडमन या मानसशास्त्रज्ञास १९४९ साली सरकारी दफ्तरात आत्महत्या केलेल्यांनी लिहून ठेवलेल्या सातशेहून अधिक चिठ्ठ्या आढळल्या. त्या धाग्याने त्यांनी आणि त्यांचे सहकारी नॉर्मन फार्बेरो यांनी वर्षानुवर्षे जो शोध घेतला, त्यातून हेच निष्पन्न झाले की बहुतेकांनी आधी कोणाला ना कोणाला सूचना दिलेली असते : कधी शब्दांनी, कधी जिवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकून, कधी सर्वांशी बोलणे तोडून, कधी दीर्घ विषादानंतर एकाएकी शांत होऊन. त्या मनुष्याला मरावयाचे असते आणि त्याच क्षणी कोणीतरी आपल्याला थांबवावे असेही वाटत असते.

हिंदुस्थानात १८६० च्या दंडसंहितेतील ३०९ व्या कलमाने आत्महत्येच्या प्रयत्नास शिक्षा सांगितलेली होती, आणि पंचनाम्याच्या धास्तीने घरची मंडळी ‘अपघात झाला’ असे सांगून मोकळी होत. दुखणे झाकले जाई, उपचारही राहून जाई. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मात्र असा मनुष्य तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरून त्याच्या शुश्रूषेचा भार सरकारवर टाकला, आणि २०२२ पासून १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतूनही अहोरात्र बोलता येते. चेन्नईत लक्ष्मी विजयकुमार यांनी अशीच ऐकून घेणारी ‘स्नेहा’ ही संस्था १९८६ सालीच, म्हणजे कायदा बदलण्याच्या कितीतरी आधी, सुरू केलेली होती.

परंतु सौजन्याने जीव वाचतो हे भावनेच्या भरात म्हणणे वेगळे आणि कसोटीस लावून दाखविणे वेगळे. सॅन फ्रान्सिस्कोचे मनोवैद्य जेरोम मोटो यांनी ते दाखविले. तरुणपणी युद्धात असताना त्यांना एका तरुणीची पत्रे येत, आणि त्या पत्रांनी मिळालेला धीर ते विसरले नव्हते. रुग्णालयातून घरी गेल्यावर पुढील उपचार नाकारलेल्या ८४३ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करून, एका गटाला त्यांनी पाच वर्षांत २४ पत्रे धाडली : आरंभी दरमहा, मग दोन महिन्यांनी, मग तीन महिन्यांनी. पत्र दोन-चार ओळींचेच असे. आपली आठवण आहे, बरे चालले असावे, लिहावेसे वाटले तर अवश्य लिहावे. औषधाचा आग्रह नाही, तारखेची मागणी नाही. सोबत परतीच्या पत्त्याचे पाकीट असे, पण त्यावर तिकीट मुद्दाम लावलेले नसे, उत्तराचे ओझे वाटू नये म्हणून. पहिल्या दोन वर्षांत, म्हणजे पत्रे जेव्हा दाट जात होती तेव्हा, या गटातील आत्महत्यांचे प्रमाण दुसऱ्या गटाहून स्पष्टपणे कमी राहिले. आणि तिकीट नसलेल्या त्या पाकिटांना पदरचे तिकीट लावून कित्येकांनी उत्तरेही धाडली.