मातीच्या भिंतींची मशीद

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर असलेले सिद्धेश्वर धरण १९६८ साली पूर्ण झाले. सहा किलोमीटरहून अधिक लांबीच्या या धरणाचा बहुतांश भाग मातीचा आहे. योग्य माती निवडून ती थराथराने दाबली आणि पाण्याचा निचरा नीट राखला, तर माती किती भार पेलू शकते याचे हे उदाहरण आहे. मात्र याच परिसरात घर, शाळा वा प्रार्थनास्थळ बांधायचे म्हटले की सिमेंट काँक्रीटशिवाय दुसरा विचार होत नाही. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंट उद्योगाचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे. या पार्श्वभूमीवर मातीच्या वास्तूंचा विचार नव्याने होत असून त्यात मशिदीची रचना हा विशेष अभ्यासाचा विषय ठरला आहे.

परंपरा जुनीच

मशिदीसाठी घुमट व मिनार अनिवार्य नाहीत. स्वच्छ जागा, किब्ल्याची दिशा आणि नमाजाच्या रांगा एवढ्याच मूलभूत गरजा होत. मदिनेतील पैगंबरांच्या मूळ मशिदीच्या भिंती कच्च्या विटांच्या, खांब खजुराच्या खोडांचे आणि छत खजुराच्या झावळ्यांचे होते. आफ्रिकेतील माली देशात जेन्ने येथे १९०७ साली उभी राहिलेली मशीद आजही मातीची असून १९८८ पासून जेन्नेचा समावेश जागतिक वारसा यादीत आहे. तेथील ग्रामस्थ दरवर्षी एकत्र येऊन मशिदीला मातीचा नवा गिलावा करतात. तरीही २००९ च्या नोव्हेंबरमध्ये अतिवृष्टीनंतर तिच्या एका मनोऱ्याचा भाग कोसळला. मातीच्या वास्तूचे आयुष्य देखभालीवर अवलंबून असते, हे यावरून दिसून येते.

इजिप्तचे वास्तुविशारद हसन फतही यांनी १९४० च्या दशकात लक्झरजवळ नवे गुर्ना हे गाव कच्च्या विटांनी वसवण्यास प्रारंभ केला. साच्याचा आधार न घेता कमानी व घुमट रचणारे नुबियाचे गवंडी त्यांनी या कामावर आणले. गावातील मशीद टिकली. पण जुने गाव सोडून तेथे जाण्यास बहुतेक ग्रामस्थांनी नकार दिला. वास्तू कितीही सुंदर असली तरी ज्यांच्यासाठी ती बांधायची त्यांचा सहभाग नसेल तर ती अपुरीच राहते, हा धडा त्यातून मिळाला. नायजर देशातील दंदाजी गावी मरियम कमारा व यासमन इस्माईली या वास्तुविशारदांनी २०१८ मध्ये पूर्ण केलेल्या प्रकल्पात हा धडा गिरवलेला दिसतो. तेथे मातीच्या जुन्या मशिदीचे वाचनालय करण्यात आले व शेजारी दाबीव मातीच्या विटांची नवी मशीद उभारण्यात आली. जुन्या मशिदीच्या दुरुस्तीत तिच्याच मूळ गवंड्यांना सामील करून घेण्यात आले.

मराठवाड्याचा अनुभव

मराठवाड्याला मातीचे बांधकाम परके नाही. गावोगावच्या गढ्यांचे बुरूज पांढऱ्या मातीचे आहेत. लाकडी तुळयांवर फळ्या टाकून त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर दिलेले माळवद उन्हाळ्यात घर थंड ठेवते. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने या परंपरेवरचा विश्वास उडाला. या भूकंपात आठ हजारांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. काही नोंदींनुसार हा आकडा त्याहून मोठा आहे. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती फुटल्या आणि त्यांच्यावरील माळवदाचा भार झोपलेल्या माणसांवर कोसळला. दोष केवळ मातीचा नव्हता. भिंतींना जोडून धरणारे पट्टे नव्हते, दोन्ही बाजूंचे दगड एकमेकांत गुंफणारे लांब दगड नव्हते आणि छपराचे वजन अवाजवी होते.

हिंगोली जिल्ह्यालाही या प्रश्नाकडे दुर्लक्ष करता येणार नाही. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी येथे ४.५ तीव्रतेचा आणि काही मिनिटांतच ३.६ तीव्रतेचा धक्का बसला. १० जुलै २०२४ रोजी पुन्हा ४.५ तीव्रतेचा धक्का जाणवला. त्यामुळे सिद्धेश्वरसारख्या गावी शंभर माणसे एकत्र नमाज पढतील अशी मातीची वास्तू उभारायची, तर भूकंपाचा विचार आधी आणि सौंदर्याचा नंतर करावा लागेल.

रचना कशी असावी?

मातीच्या इमारतींच्या भूकंपसुरक्षेसाठी भारतीय मानक ब्यूरोने १९९३ सालीच मार्गदर्शक तत्त्वे (आयएस १३८२७) प्रसिद्ध केली आहेत. त्यांनुसार आडव्या आधाराशिवाय भिंतीची लांबी जाडीच्या दहापटीपेक्षा अधिक नसावी. भिंत उंच असेल तर ही मर्यादा आणखी घटते. उंची जाडीच्या आठपटीच्या आत असावी आणि दार-खिडकीची रुंदी १.२ मीटरपेक्षा जास्त नसावी.

शंभर नमाजींसाठी वीस-वीस जणांच्या पाच रांगा धरल्यास सुमारे १२ मीटर रुंद व ६ मीटर खोल दालन लागते. ४५ सेंटिमीटर जाडीची व ३ मीटर उंचीची भिंत घेतली, तर १२ मीटरच्या भिंतीला दर ४ मीटरवर बाहेरून टेकणारे मातीचेच जाड आधार द्यावे लागतील. हे आधार मशिदीच्या दर्शनी रूपाचाच भाग होऊ शकतात. दारांच्या वर आणि छपराखाली चारही भिंतींना बांधून ठेवणारा लाकडाचा किंवा काँक्रीटचा अखंड पट्टा हवा. वर जड माळवद वा घुमटाऐवजी कौलांचे हलके छप्पर अधिक सुरक्षित.

हिंगोली परिसरातून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे येतो. म्हणजे मेहराबची भिंत नेमकी दुपारच्या उन्हाच्या बाजूला असते. तेथे खिडक्या जवळजवळ नसतात, ही मातीच्या भिंतीला सोयीचीच गोष्ट आहे. जाड भिंतीतून उष्णता आत पोहोचण्यास कित्येक तास लागतात. रात्री ती आत उतरू लागते, म्हणून उत्तर-दक्षिणेला झरोके ठेवावेत. पूर्वेकडील अंगणात दुपारनंतर इमारतीचीच सावली पडते. अस्रच्या नमाजाला ती उपयोगी ठरते. मात्र पावसाचा मारा याच पश्चिम भिंतीवर येत असल्याने वळचण भिंतीपासून पुरेशी बाहेर काढावी लागते.

माती आणि पाणी

शेतातील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. ती भिंतीला चालत नाही आणि पायाखालीही नको. पाया तिच्याखालील मुरमापर्यंत न्यावा व जोते काळ्या दगडाचे असावे. विटांसाठी वाळू-मुरमाचा अंश निम्म्याहून अधिक असलेली माती घ्यावी. अशा मातीत साधारण ५ टक्के सिमेंट मिसळून यंत्राने दाबलेली वीट भट्टीत भाजावी लागत नाही. ती काही आठवडे ओलसर ठेवली की पुरते. चिकण माती अधिक असल्यास चुना उपयुक्त ठरतो. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि ऑरोव्हिल येथील भू-बांधकाम संस्था यांनी या तंत्रावर दीर्घकाळ काम केले आहे. पांढऱ्या मातीसाठी गढ्या खोदणे मात्र टाळावे; त्यात जुन्या वस्त्यांचे अवशेष असतात.

मशिदीत पाण्याचा वापर दिवसातून पाच वेळा होतो. त्यामुळे वजूखाना मुख्य भिंतींपासून अलग ठेवून त्याचे सांडपाणी झाडांकडे किंवा शोषखड्ड्याकडे वळवणे, हा या आराखड्यातील सर्वांत महत्त्वाचा भाग ठरतो.

रंगरंगोटी सहसा रमजानच्या तोंडावर होते. परंतु रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, पावसाळा सरकत नाही. म्हणून मातीच्या मशिदीचा गिलावा मृग नक्षत्रापूर्वी, मे महिन्यातच उरकावा लागेल. काँक्रीटच्या तुलनेत वाचलेल्या खर्चाचा काही भाग या वार्षिक कामासाठी राखून ठेवणे आणि गावातील तरुण गवंड्यांना ते शिकवणे, ही जबाबदारी स्वीकारण्याची तयारी असेल तरच मातीचा पर्याय निवडावा.